बाबा, आईची पट्टी तिला परत द्या

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "हे पण माझ्यातलीच घेतात, एक दिवसाआड." तेव्हा मी गप्प बसले, नाहीतर भांडण झालं असतं. म्हणून लिहितेय.

बाबा, आईच्या पट्टीतली ती डी जीवनसत्त्वाची कॅप्सूल 60,000 युनिटची आहे. आठवड्याला एक, 8 आठवडे, आणि तीही आईला, कारण रक्ताच्या रिपोर्टमध्ये तिचं डी 11 आलंय. 20 च्या खाली म्हणजे कमीच. तुमची तपासणी झालेलीच नाही! "जास्त झालं तर लघवीवाटे जाईल" हे सी जीवनसत्त्वाला ठीक. डी चरबीत विरघळतं, अंगात साठून राहतं.

तुमच्या कचेरीच्या भाषेत सांगते. गोळीतलं किंवा उन्हाने कातडीत तयार झालेलं डी म्हणजे नुसता अर्ज. पहिली सही यकृताची. रिपोर्टमध्ये मोजतात ते हे. दुसरी मूत्रपिंडाची, तेव्हा कुठे त्यात जोर येतो. मग पेशीत त्याची वाट बघत असतं एक प्रथिन, रिसेप्टर. डी त्याला चिकटलं की ते आणखी एका प्रथिनाशी जोडी करून थेट डीएनएवर बसतं आणि ठरावीक जनुकांना कामाला लावतं. आतड्यातून कॅल्शियम उचलून रक्तात पोचवणारी प्रथिनं अशी बनतात. हा हुकूम निघाला नाही तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम 10-15 टक्के अंगी लागतं, निघाला तर 30-40. रोज दूध पिऊनही आईची हाडं का दुखतात, ते आता कळलं ना? रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर ते हाडांतून काढून घेतं.

अर्ज वाढले की मूत्रपिंड हात आखडता घेतं. पण ढीगच लागला की अर्धवट सहीचे कागदही रिसेप्टरपर्यंत पोचतात. रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ, मुतखडा. मुतखड्याच्या त्या रात्री रिक्षात तुम्ही माझं मनगट इतकं दाबलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ होते.

आणि तुम्ही पाठवता ते "डी घ्या, कॅन्सर टाळा" वगैरे पुरे. अमेरिकेत 25,871 जणांना घेऊन मोठी चाचणी झाली, रोज 2000 युनिट. 2018 मध्ये निकाल आला: कॅन्सरचं किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण काही कमी झालं नाही. कमतरता असेल त्याने मात्र जरूर घ्यावं.

आई, तुझ्याशीही भांडण आहेच. सकाळी आठला बाल्कनीच्या बंद काचेआड मेथी निवडत बसतेस आणि म्हणतेस ऊन घेतेय. डी तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत, आणि आठला ऊनही तिरपं असतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. दांडिया बाजारच्या वाड्यात तू गच्चीवर पापड वाळत घालायचीस ना, तसलं. वयाने कातडी ते कमी बनवते, तरी हात उघडे टाकून थोडा वेळ बस. बडोद्याच्या मेमध्ये नको हं, थंडीत. आणि कॅप्सूल रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर घे.

बाबा, डॉक्टरांना आजच फोन करून किती घेतल्या ते खरं सांगा. रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगतील, ते करा. आईने पट्टीत किती उरल्यात ते मोजून मला रात्री कळवावं.

तुमची,
धाकटी