बोर्डवर यूएसबी बूटलोडर न चालणे आणि चुकीचे माहितीपत्रक याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपचे, बाजारात ‘ब्लू पिल’ म्हणून ओळखले जाणारे, २० बोर्ड मागवले. मी इचलकरंजीत शेतीपंपाचे नियंत्रक तयार करतो. गिऱ्हाइकाच्या शेतावर लॅपटॉप आणि एक साधी केबल एवढ्यावर नवा प्रोग्रॅम चढवता यावा, यासाठी मला यूएसबी बूटलोडर (चिपमध्ये नवा प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) हवा होता, आणि ‘बूटलोडर थेट यूएसबीवरून चढवा’ असे आपल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.

या चिपच्या बाबतीत ते शक्यच नाही. तिच्या रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच भरलेल्या कायम स्मृतीत, जो बूटलोडर असतो तो फक्त सिरियलवर, म्हणजे पीए९ आणि पीए१० या पिनांवर बोलतो; यूएसबीचा बूटलोडर आधी सिरियलवरून किंवा वेगळ्या प्रोग्रॅमर उपकरणाने चढवल्याशिवाय यूएसबी पोर्टचा त्या कामी काही उपयोग नसतो. म्हणून मी बूट-० चा जंपर, रॉममधला बूटलोडर सुरू व्हावा यासाठी, १ वर ठेवला, यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) तारा अदलाबदल करून जोडल्या, रीसेट दाबले आणि आपल्या पत्रकात दिल्याप्रमाणे ०८००२००० या पत्त्यावर फाइल लिहिली. पडद्यावर शंभर टक्के दिसले, पडताळणीही बिनचूक झाली. पण जंपर परत ० वर आणल्यावर बोर्ड निपचित. तो पत्ता बूटलोडरनंतर येणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे, बूटलोडरचा ०८०००००० आहे, हे लक्षात येईपर्यंत माझी अख्खी संध्याकाळ गेली. नवशिक्याने तर चिपच जळाली असे समजून बोर्ड कचऱ्यात टाकला असता.

खरी तक्रार मात्र यापुढची आहे. योग्य पत्त्यावर लिहिल्यावर वीसही बोर्डांचा दिवा लुकलुकू लागला, पण त्यांपैकी १३ बोर्ड संगणक ओळखेना. आपल्या मदत विभागाने दोन वेळा ‘केबल बदलून पाहा’ एवढेच कळवले, जे मी तीन केबली आणि दोन संगणक वापरून आधीच केले होते. शेवटी भिंगातून पाहिले, तेव्हा या १३ बोर्डांवर आर१० या रोधकावर (रेझिस्टरवर) ‘१०३’, म्हणजे १० किलोओहम, तर चालणाऱ्या सात बोर्डांवर ‘१५२’, म्हणजे दीड किलोओहम असे छापलेले आढळले. बोर्ड जोडला गेल्याचे संगणकाला कळावे म्हणून यूएसबीच्या डी-प्लस या डेटा तारेला दीड किलोओहमचाच पुल-अप, म्हणजे तार ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रोधक, लागतो. खात्रीसाठी एका बोर्डवर पीए१२ (डी-प्लसची पिन) आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १.८ किलोओहमचा रोधक डाकला, म्हणजे आधीच्या १० किलोओहमसह मिळून तो साधारण दीड किलोओहम होतो, आणि तो बोर्ड त्याच केबलवर, त्याच संगणकावर लगेच ओळखला गेला. चालणाऱ्या व न चालणाऱ्या बोर्डांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

उरलेले १२ बोर्डही मी डाकून चालवू शकेन, परंतु जोड दिलेले बोर्ड गिऱ्हाइकाला विकणे मला मान्य नाही. तरी सर्व १३ बोर्ड आपल्या खर्चाने परत नेऊन योग्य रोधकाचे बोर्ड द्यावेत, अथवा त्यांची रक्कम वाहतूक खर्चासह परत करावी, तसेच पानावरील दावा आणि पत्रकातील पत्ता दुरुस्त करावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन.

आपला,
एक ग्राहक, इचलकरंजी

सोबत: बिलाची प्रत, छायाचित्रे, मदत विभागाची दोन्ही उत्तरे