‘क्रिस्तपुराणा’ची पाठभेदांसह डिजिटल आवृत्ती व्हावी: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जुन्या ग्रंथांचे जे काम शासन हाती घेईल, त्यात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा समावेश आरंभीच व्हावा आणि ते काम नुसत्या स्कॅनवर थांबू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी सुमारे 11 हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत सांगितली. 1616 साली गोव्यातच रायतूर येथे छापलेल्या पहिल्या आवृत्तीची आणि पुढच्या दोन आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. उरली ती हस्तलिखिते, त्यांच्या आधारे 1907 साली मंगळूरला निघालेली रोमन लिपीतील आवृत्ती आणि लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित, ज्यात अनेक ठिकाणी पोर्तुगीज शब्दांऐवजी संस्कृत शब्द आहेत. रोमन पाठात ‘श’ आणि ‘स’ वेगळे दिसत नाहीत, ‘व’च्या जागीही ‘यू’ हे अक्षर येते. त्यामुळे पहिल्याच ओवीतील ‘विश्वभरिता’ अक्षरशः वाचल्यास ‘विसुअभरिता’ होतो. असा प्रत्येक निर्णय संपादकाने कशाच्या आधारे घेतला, हे वाचकाला दिसले पाहिजे. मूळ पानाचे छायाचित्र, रोमन पाठ, देवनागरी पाठ आणि पाठभेद (प्रतींमधले शब्दांचे फरक) एकाच पडद्यावर शेजारीशेजारी ठेवणे छापील पुस्तकाला कठीण, संगणकाला सहज शक्य आहे.

ही मागणी मराठवाड्यातून येण्यास कारण आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे स्टीफन्स गोव्यात असतानाच, नाथमहाराजांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवतो, असे बजावले. पाठाविषयीची ही निष्ठा आमच्या मातीतली आहे, आणि ती परधर्मीयाने लिहिलेल्या ओवीलाही तितकीच लागू व्हावी, असे मला मनापासून वाटते. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, तेव्हा ख्रिस्ती मराठी साहित्याची परंपराही आपलीच आहे हे या भागाने जाहीरपणे मान्य केले होते.

लंडनच्या हस्तलिखिताची छायाचित्रे मिळवण्यासाठी शासनानेच पत्रव्यवहार करावा. एकट्या अभ्यासकाच्या अर्जाला तेवढे वजन नसते. पाठाचे काम राज्य मराठी विकास संस्थेने मराठवाड्यातील विद्यापीठांच्या मराठी विभागांना सोबत घेऊन करावे. जुन्या ओव्या वाचण्याची सवय असलेली माणसे इथे अजून आहेत, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी तयार होतील. आवृत्ती सर्वांना विनामूल्य खुली असावी, तिचा मजकूर शोधता आणि उतरवून घेता यावा. ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे पहिल्या पुराणाच्या, 36 अध्यायांपासून सुरुवात केली, तरी कामाचा अंदाज येईल. तेवढ्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

आपली नम्र,
मराठीची एक निवृत्त प्राध्यापिका, पैठण