चि. अनिकेत यास पत्र

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन मुद्दामच करत नाही, कारण मी केला की तू उचलशील आणि उचललास की बोलशील. स्वरतंतूंना सूज आली असून काही दिवस मौन पाळायचे आहे, हे तुझ्या खोलीतल्या मित्राकडून कळले. तुझ्याकडून कळले असते तर बरे वाटले असते, पण तो विषय आज नको. कुजबुजल्यानेही ताण येतो, तेव्हा तेही करू नकोस. गळ्याबद्दल यापुढे काही लिहिणार नाही.

वक्तृत्व स्पर्धेत करंडक मिळाल्याचा व्हिडिओ काकूने साऱ्या सोसायटीला दाखवला. तुझ्या बाबांनी तर, कौतुकाचा एक शब्दही न बोलता, तो पुन्हा लावायला सांगितला. मात्र तू ज्यांना आदर्श मानतोस त्या वक्त्यांची मान झटकण्याची लकब, वाक्याच्या शेवटी चढवलेला त्यांचाच आवाज आणि टाळ्यांसाठी घेतलेला त्यांचाच थांबा तुझ्या भाषणात पाहून माझ्या पोटात कालवले. त्यांचा आवाज मुळातच खर्जाचा आणि वर्षानुवर्षे कमावलेला आहे. तुझा तसा नाही. बघ, पुन्हा गळ्यावरच आले.

नानांनी लहानपणी ऐकलेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाची गोष्ट तुला पाठ आहे, तरी लिहिते. बाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कधी शाळेत न गेलेला तो माणूस वऱ्हाडी बोलीत समोरच्यांनाच विचारायचा, की कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरे का कापता, पोराला शाळेत का घालत नाही. गर्दीतून उत्तर आले, की त्यालाच धरून पुढचा प्रश्न यायचा. ‘देवकीनंदन गोपाला’चा गजर तर नानांना आवडायचाच, पण त्यांच्या मनात राहिला तो कर्जाचा प्रश्न ऐकून पागोट्याचे टोक चघळत खाली बघणारा शेजारचा म्हातारा. लोकांचे उत्तर ऐकून पुढचे वाक्य ठरवणारा माणूस मला चांगला वक्ता वाटतो, आणि नेमके ते पाठांतराने साधत नाही. एवढे करून बाबा म्हणत, की मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही.

कुणाला मानू नकोस, असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण तू स्पर्धेसाठी वाचले आहेस. राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यातच आहे. तू त्यातली समता आणि बंधुतेची वाक्ये उचललीस आणि हे सोडलेस. गांधीजी तर मुंबईतल्या पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता खाली बसले. पुढे लाखो लोकांनी त्यांना ऐकले, पण त्यासाठी त्यांना कधी गर्जना करावी लागली नाही.

प्रवचन झाले, राग मानू नकोस. शिकवण्याची सवय घरीही सुटत नाही.

चौथीत लोकमान्यांच्या पुण्यतिथीला टरफलांची गोष्ट सांगताना तू मध्येच अडकलास, आणि क्षणभर थांबून म्हणालास, “पण मी आणि नानांनी शेंगा खाल्ल्या ना, तेव्हा टरफलं मीच उचलली होती.” सभागृह हसले, तूही हसलास आणि नमस्कार करून खाली बसलास. नंबर आला नाही, तरी नाना ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिले. त्या दिवशी तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला होता, आणि तू जराही ओरडला नव्हतास.

ज्येष्ठमध कुरिअरने पाठवला आहे. डॉक्टरांना विचारून घे आणि जागरणे बंद कर. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेतून नाव मागे घेतलेस की नाही, ते मेसेजवर लिहून कळव. बाबा विचारत नाहीत, पण दर तासाला माझा फोन उचलून बघतात.

तुझी,
आई