मनूस, ‘रद्द करा’ या बटणाबद्दल

डोंबिवली

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज तू बाबांना केलास, मला नाही. म्हणजे राग अजून आहे. भाऊबीजेच्या पंगतीत झालं ते झालं, ते पुन्हा उकरायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय. फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून पत्र. तुझ्या आजीचं आणि माझंही तसंच व्हायचं.

तुला बढती मिळाली याचा मला किती आनंद झालाय हे त्या दिवशी सांगायचं राहूनच गेलं. बाबांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मुलालाही सांगितलं. तुझ्या वयाची असताना मी कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की त्या जागी शिकवायला जात होते, आणि पुढच्या जूनमध्ये काम असेल की नाही याचा पत्ता नसायचा. तू अठ्ठाविसाव्या वर्षी आठ माणसांची टीम सांभाळतेस. आपल्या घरात असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

कल्याण स्टेशनवर बाबांनी दिलेला डबा गाडीत उघडलास का? उद्यान एक्सप्रेसमध्ये दुपारचं जेवण तू कधीच नीट घेत नाहीस.

आता ते बटण.

नाही म्हटलं तरी तिथेच येतेय. तू सांगत होतीस की तुमच्या ॲपवर वर्गणी बंद करायचं ‘रद्द करा’ हे बटण पहिल्या पानावरून आत नेलं, मध्ये दोन पानं घातली, आणि महिन्याभरात सोडून जाणारी माणसं इतकी कमी झाली की साहेबांनी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. दादाने टाळी दिली. मी एवढंच विचारलं की ती माणसं थांबली की अडकली. तू म्हणालीस, “आई, कुणावर जबरदस्ती नाहीये, निवड त्यांची आहे.” आणि ताट सरकवलंस.

तुझं म्हणणं मी नंतर नीट विचारात घेतलं, खरंच घेतलं. तुमच्या ॲपवर मराठी गोष्टी ऐकायला मिळतात, वाचणाऱ्या कलाकारांना पैसे मिळतात. फुकट द्यायचं तर जाहिराती आल्या, आणि जाहिराती आल्या की ऐकणाऱ्याची सगळी माहिती गोळा करणं आलं. त्यापेक्षा महिन्याची वर्गणी घेणं सरळ आहे, हे मला पटतं. आपल्या घरी मासिकांच्या वर्गण्या होत्याच की. पण वर्ष संपत आलं की अंकाबरोबर नूतनीकरणाचं कार्ड यायचं. मनीऑर्डर केली तर पुढचा अंक, नाही केली तर अंक बंद. गप्प बसलेल्या माणसाला ‘नको’ म्हणायचंय असं धरलं जायचं. आता गप्प बसलेल्याचं उत्तर ‘हो’ धरतात, आणि ज्याला ‘नको’ म्हणायचंय त्याला वाट शोधायला लावतात. निवड त्याची, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे, पण कष्ट कुणाच्या वाट्याला आले ते बघ.

तू गेलीस त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू फोन घेऊन आल्या. मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला होता, त्याने कार्टून बघायला कुठलंसं ॲप घेतलं होतं. पहिला महिना १ रुपया, मग दर महिन्याला १९९. नातू जूनमध्ये परत पुण्याला गेला, पैसे जातच राहिले. काकूंना वाटत होतं बँकच कसला तरी आकार लावतेय. रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आहे की असे आपोआप कापायचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं. कळवलं होतं. दर महिन्याचा मेसेज काकूंच्या फोनमध्ये होता, इंग्रजीत, कर्ज देऊ करणाऱ्या आणि बक्षीस लागल्याच्या मेसेजांच्या गर्दीत.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग प्लॅन. ‘रद्द’ हा शब्द कुठेच दिसेना. पार खाली बारीक राखाडी अक्षरांत एक ओळ होती, तिला बटणासारखा चौकोनसुद्धा नव्हता. काकूंच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना ती ओळ दिसलीच नाही. मी दाबली. नवीन पान आलं, ‘तुम्ही खरंच हे सगळं गमावणार?’ आणि खाली हिरवंगार मोठं बटण, ‘नाही, मला राहायचंय’. काकूंचा अंगठा तिकडेच गेला आणि आम्ही पुन्हा पहिल्या पानावर. परत सगळं केलं. आता कारण विचारलं, ते निवडल्याशिवाय पुढे जाता येईना. मग तीन महिने निम्म्या किमतीत देऊ केले. तेव्हा काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, इतकं म्हणतायत तर राहू दे का? वाईट वाटेल त्यांना.”

ते ॲप तुमचं नाही, मी आधी तेच बघितलं. पण मनू, ते पान कुणीतरी बसून केलंय. कुठला रंग हिरवा, कुठली ओळ राखाडी, अक्षर किती बारीक, हे ठरवलंय. अर्ध्या लोकांना एक पान आणि अर्ध्यांना दुसरं दाखवून कुठल्या पानावर जास्त माणसं माघारी फिरतात ते मोजलंय. तूच मला हे सगळं समजावून सांगितलं होतंस, गेल्या गणपतीत, मोदक वळताना.

अमेरिकेतला ॲमेझॉनचा खटला तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२३ मध्ये दावा लावला. तक्रारीत होतं की प्राइम ही त्यांची वर्गणी घ्यायला एकदोन क्लिक पुरत, आणि सोडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांमधून जावं लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता २५० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, त्यातले १०० कोटी दंडाचे आणि १५० कोटी ग्राहकांना परत करायचे. पण मी रात्री जागी राहिले ती त्या आकड्यामुळे नाही. सोडून जायच्या त्या वाटेला कंपनीत आतल्या आत एक नाव होतं, ‘इलियड’. होमरचं ते लांबच लांब युद्धाचं महाकाव्य. म्हणजे हे नाव ठेवणारी माणसं शिकलेली होती, चांगल्या घरची असतील, आणि आपण काय करतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्यातल्या कुणाच्या आईला ते ठाऊक होतं का, असं सारखं मनात येतं.

मला तुझ्याबद्दल एवढीच भीती वाटते. पकडली जाशील, दंड होईल, ही भीती नाही. तुला याची सवय होईल, ही आहे.

तुझे अप्पा आजोबा वजनमापे खात्यात होते हे तुला माहीत आहे, पण तू त्यांना म्हातारे झालेलेच बघितलंस. माझ्या लहानपणी ते नाशिक जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत तपासणीला जायचे. पारड्याच्या तळाला चिंचेचा गोळा चिकटवलेला असायचा. नुसता हात लावून त्यांना कळायचं. रागवायचे नाहीत. गोळा काढून दुकानदाराच्या हातावर ठेवायचे आणि विचारायचे, “हा लावला कधी?” घरी आले की सांगायचे, पहिल्या दिवशी लावताना त्या माणसाचा हात थरथरला असणार, आता तो रोज सकाळी उदबत्ती लावल्यावर तोही लावतो. तुमच्या पानाचा विषय निघाला तेव्हा मला त्या पारड्याचीच आठवण झाली, आणि ती पंगतीत बोलून दाखवली म्हणून तू उठलीस.

भाषण व्हायला लागलंय. शाळा सुटली तरी ती सवय गेली नाही, राग मानू नकोस. तुझ्या फ्लॅटचा हप्ता, बंगळुरूचं भाडं, आठ जणांच्या नोकऱ्या, हे सगळं मला कळतं. वरून आकडा मागितला की तुला आकडा द्यावा लागतो, हेही कळतं.

पण तू कोण आहेस ते मला माहीत आहे. ग्राहक पंचायतीचं सामान आपल्या घरी यायचं ते आठवतं? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली, मी लग्नानंतर आपल्या इमारतीच्या संघात आले. महिन्याचं सगळं सामान हॉलमध्ये उतरायचं, डाळी, साखर, तेल, साबण, आणि प्रत्येक घराच्या यादीप्रमाणे वाटे करायचे. तू तिसरीत होतीस. पिशव्यांच्या मध्ये फतकल मारून यादी वाचायचं काम तुझं होतं, आणि शेंगदाण्यांची गळती पिशवी नेमकी तुझ्याच मांडीशी यायची. एकदा तू साबणाची वडी हातात घेऊन गप्पच झालीस. आत जाऊन न्हाणीघरातून जुनं वेष्टन आणलंस आणि दोन्ही शेजारी ठेवलीस. जुन्यावर १०० ग्रॅम, नव्यावर ९०, किंमत तीच, आकार दिसायलाही तसाच. आम्ही सहा बायका तिथे बसलो होतो, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तू विचारलंस, “आई, हे त्यांनी सांगितलं का नाही?” अप्पांना फोन करून सांगितलं तर ते कितीतरी वेळ नुसतं “वा” म्हणत होते.

त्या पोरीची नजर अजून तुझ्यात आहे. तीच नजर आता उलट्या बाजूने वापरली जातेय, कुठे लपवलं की दिसणार नाही हे शोधायला. लिहून टाकलं एकदाचं. हे वाक्य लिहिणार नव्हते.

कायद्याचंही तुला सांगायची गरज नसेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या अशा मांडणीबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार आहेत. खोटी घाई लावणं, न मागता टोपलीत वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं. काकूंच्या त्या पानांवर यातले निदान दोन मला ओळखता आले. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. तुमच्याकडे अशी तपासणी झाली का? ज्यांनी ती पानं केली त्यांनीच केली, की दुसऱ्या कुणी?

बाबांचंही सांगते. ते रात्री तुमच्या गोष्टी ऐकतात, तुझं कौतुक म्हणून. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि ते साडेबारापर्यंत जागे. डॉक्टरांनी अकराला झोपायला सांगितलंय. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. तुमच्याकडे असं कुणी उघड म्हणत नसेल, पण तो पुढचा भाग आपोआप लागणं कुठून बंद करायचं ते मला सापडलं नाही, आणि बाबा म्हणतात मनू आली की करेल. फोनवरून सांग मला, मी आज करते.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. दादाला तसं वाटलं, त्याने मला फोनवर सुनावलंही. तू तिथे असावीस असंच मला वाटतं, कारण तिथे बोलणारं कुणीतरी हवं, आणि तुला आता बोलायची जागा मिळालीय. त्या बैठकीत फक्त एक आकडा मागून बघ. नवी पानं आल्यावर जी माणसं सोडून गेली नाहीत, त्यांच्यापैकी किती जणांनी पुढच्या महिन्यात एक तरी गोष्ट ऐकली? ज्यांनी ऐकली ती थांबली. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट मी चुकीची बोलले असं मग तू मला खुशाल सांग. पण ज्यांनी महिनाभर ॲप उघडलंच नाही आणि पैसे मात्र गेले, ती माणसं किती, ते बघ. हा आकडा तुमच्याकडे असणारच, तुम्ही सगळं मोजता. तो मला सांगू नकोस, कंपनीचं काही बाहेर बोलायचं नसेल. साहेबांच्या पुढे मात्र ठेव, तू केलेल्या त्या आलेखाच्या शेजारीच.

थंडी पडायला लागली की सर्दी होते तुला, वाफ घेत जा. फोन कर. बाबांच्या फोनवर केलास तरी चालेल, मी शेजारीच असते.

तुझी,
आई

ता. क. काकूंचं रद्द झालं, तसं पान आलं आणि मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे कापले गेले तर आम्ही दोघी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आहोत. तक्रारीत काय काय लिहायचं ते तू सांगितलंस तर बरं होईल, तुला तसली पानं आतून माहीत आहेत.