भिशी आणि वीचॅट

चिआंग माई (थायलंड), मार्चअखेर

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. शेते-जंगले जाळल्याच्या धुराने खोकला तेवढा आहे.

चीनमधल्या चेंगडूहून आलेल्या माझ्या शेजारणीबद्दल मागे लिहिले होते. मुलाला तिकडच्या परीक्षांच्या चरकातून सोडवावे म्हणून तिने इथली इंटरनॅशनल स्कूल निवडली; नवरा तिकडे कमावतो आणि ही पाच लाख बाथ बँकेत दाखवून मिळणाऱ्या पालक-व्हिसावर राहते, ज्यावर नोकरी करता येत नाही. शाळेची गाडी, भाजी, जुने फर्निचर, डॉक्टर, रविवारची सहल, सारे वीचॅटच्या (चिन्यांचे व्हॉट्सॲपच म्हण ना) ग्रुपवरून ठरते. एका एजंटाने व्हिसाचे पैसे घेऊन काम केले नाही, असे तिने तिथे लिहिले आणि तो नेमका ग्रुप चालवणाऱ्या बाईंचा भागीदार निघाला. तासाभरात हिला काढून टाकले. दुसऱ्या दिवशी शाळेची गाडी फाटकाशी थांबलीच नाही. पोरगा दप्तर लावून उभा.

हे तुलाच का लिहिते, ते ओळखलेच असशील. हिशेब विचारलास म्हणून कुमुदवहिनींनी तुला भिशीत कसे वाळीत टाकले होते! (हिशेब तुझाच चुकला होता, हे माझे मत आजही कायम आहे.) पण तुझे माहेर निदान दोन गल्ल्यांवर होते.

मी तिला सुचवले, की बान हॉ मशिदीजवळच्या शुक्रवारच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मूळचे चीनच्याच युन्नान प्रांतातले लोक भेटतील, त्यांची बोलीही तुझ्या चेंगडूकडच्या सिचुआनी बोलीला जवळची आहे. त्यावर म्हणते, ‘ते खेचरांच्या तांड्यांबरोबर, नाहीतर लढाईतून पळून आलेले, आमचे तसे नाही.’ मला रागच आला. निवांतपणा शोधत आलेल्यांना निर्वासितांशी नाते सांगायला कमीपणा वाटतो, आणि आता ग्रुपमधल्या बायकांना हिच्याशी बोलायलाही वाटतो. तरी ह्या शुक्रवारी आली. आंबवलेले तोफू विकणाऱ्या म्हातारीशी भावावरून मनसोक्त हुज्जत घातली, आणि घरी येताच दुसऱ्या ग्रुपात शिरण्यासाठी ओळख काढत बसली!

ताप आला, नळ गळला, शाळेची चिठ्ठी आली, की सध्या ती माझेच दार वाजवते. पण जूनमध्ये ह्यांची बदली झाली, तर ती कोणाचे दार वाजवणार? तिला अजून सांगितलेले नाही. तू भिशीत परत आपण होऊन गेलीस, की वहिनींनी बोलावले, हे मला सविस्तर कळव; तिला काय सांगावे, ते त्यावरून ठरवीन.

सुनेचे बाळंतपण नीट पार पडले ना? गुडघ्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

तुझी,
शालू