मेल येते, नंबर येत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरात कर सल्लागाराचं काम करते. माझे अशील म्हणजे जिनिंगवाले, डाळमिलवाले आणि चोपड्याकडचे केळीचे व्यापारी. या धंद्यात दोन गोष्टी कायम हाताशी लागतात: कुणाचा नंबर काय आणि कुणाची तारीख कधी. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि मधल्या दिवसांत नुसते फोन. म्हणून ऑफिसात नवे कॉम्प्युटर घेताना दुकानदाराला बजावलं होतं की मोबाइलमधले नंबर आणि कॅलेंडर इथे दिसलंच पाहिजे. "होऊन जाईल ताई, सगळं क्लाउडवरच असतं," तो म्हणाला. मेल लगेच आली. नंबर नाहीत, तारखा नाहीत, आणि त्या चालू करायचा पर्यायच स्क्रीनवर नाही. फोन केला तर "अपडेट मारून बघा". मारलं. मग "काढून परत टाका". जाणकार म्हणवणाऱ्या प्रत्येकाकडे हेच दोन उपाय असतात.

पत्र लिहायचं कारण असं की माझ्यासारखे कितीतरी लोक मुळात नसलेला पर्याय शोधत बसतात, आणि तो नाही हे विकणारा आधी सांगत नाही.

कॉम्प्युटरवरच्या मेल सॉफ्टवेअरला खातं जोडताना ते बहुतेक वेळा आयमॅप पद्धतीने जोडलं जातं. आयमॅप फक्त मेल आणतं. नंबर आणि तारखा हे त्याचं कामच नाही. जीमेलचं फुकटचं खातं क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सॉफ्टवेअरच्या जुन्या रूपात, टाकलं की नेमकं हेच होतं. तिथे हे सगळं जोडणारं गूगलचं सॉफ्टवेअर आहे, पण ते पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस खात्यांसाठी. पूर्वी कॅलेंडर जोडायचा गूगलचा एक छोटा प्रोग्राम होता, तो २०१४ मध्ये बंद झाला. आयफोनवाल्यांची अडचण वेगळी. विंडोजवरच्या आयक्लाउडमधून कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर आउटलुकला जोडता येतं, पण क्लासिक आउटलुकला. नव्या आउटलुकमध्ये तसलं, म्हणजे बाहेरून जोडायचं, अ‍ॅड-इन चालतच नाही. म्हणजे ऑफिसातल्या कुणी कोपऱ्यातलं 'नवं आउटलुक' हे बटण सहज सरकवलं, तर काल दिसणारी सोय आज गायब. विंडोजबरोबर येणारे मेल, कॅलेंडर आणि पीपल यांचा सपोर्ट तर ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. यातलं काहीही अपडेट मारून दुरुस्त होणारं नाही.

पण पहिला दोष बऱ्याचदा मोबाइलमध्येच सापडतो. पारोळ्याचे एक अशील मला फोनवर विचारत होते, "ताई, मना नंबर शे ना तुमनाकडे?" शे, पण आमच्या क्लार्कच्या सिममध्ये. नंबर सेव्ह करताना फोन विचारतो, कुठे ठेवू: सिम, फोन की गूगल? घाईत जे वर असेल त्यावर बोट पडतं. सिममध्ये किंवा नुसत्या फोनमध्ये ठेवलेला नंबर क्लाउडवर जातच नाही. मग कॉम्प्युटरवर काहीही करा. म्हणून आधी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नव्हे, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि एक ओळखीचं नाव शोधा. तिथेच नसेल तर डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरा सल्ला सर्रास मिळतो तो सीएसव्हीचा, म्हणजे नंबरांची यादी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये काढायचा: "फाइल काढा, इकडून तिकडे टाका." आमच्याकडे नावं असतात 'आबा जिनिंग पारोळा', 'भाऊसाहेब केळी चोपडा नवा नंबर', तीही मराठीत. ती फाइल एक्सेलमध्ये नुसती डबलक्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात. ती तशीच सेव्ह करून परत चढवली, की आबा कोण आणि भाऊसाहेब कोण, कुणालाच कळणार नाही. त्यापेक्षा व्हीकार्ड ही खास कॉन्टॅक्टसाठीची फाइल बरी, किंवा सीएसव्हीला एक्सेलचा हात लावूच नये. शिवाय अशी फाइल म्हणजे त्या दिवशीचा सातबारा. पुढचे फेरफार तिच्यात येत नाहीत. गूगल कॅलेंडरचा आयकॅलचा गुप्त पत्ता (कॅलेंडर दुसरीकडे दाखवणारी लिंक) आउटलुकमध्ये टाकला तर तारखा दिसतात, पण तिथून बदलता येत नाहीत. आमच्या कामाला ते अर्धवटच.

मार्ग नाही असं मात्र नाही. तारखांसाठी कॅलडॅव्ह आणि नंबरांसाठी कार्डडॅव्ह हे खुले नियम अनुक्रमे २००७ आणि २०११ पासून आहेत. थंडरबर्ड या फुकट मिळणाऱ्या मेल सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चालतात. गूगलचं खातं टाकलं की पत्ते आणि कॅलेंडरही जोडायचं का, हे तो स्वतःच विचारतो. आयक्लाउडसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अ‍ॅपल खात्यातून त्या अ‍ॅपपुरता वेगळा काढावा लागतो. आमच्या ऑफिसात आता हेच वापरतो. दिसायला आउटलुकइतकं देखणं नाही, पण मी मोबाइलवर तारीख पुढे ढकलली की क्लार्कच्या टेबलावर ती पुढे गेलेली असते.

आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि तीच कंपनी पुढे विप्रो झाली. त्याच गावात कॉम्प्युटर विकणाऱ्याला मेल आणि कॉन्टॅक्ट या वेगळ्या सोयी आहेत हे गिऱ्हाइकाने समजावायचं, याची गंमत वाटते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. कोटेशनवर मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर अशा तीन वेगळ्या ओळी असाव्यात, आणि प्रत्येकीपुढे कोणतं खातं कोणत्या सॉफ्टवेअरला जोडून देणार ते लिहावं. जे होणार नाही त्यापुढे 'नाही' लिहावं. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी असा एक छापील नमुना करून घेतला, तर त्याचा मसुदा मी विनामोबदला तयार करून देईन.

आपली,
एक कर सल्लागार, अमळनेर (जि. जळगाव)