बोअरची गाडी माळावर नेण्याआधी

संपादक महोदय,

सोलापूरकडे बोअर मारायची घाई एप्रिल-मेमध्ये उडते. माळटिटवी, धाविक आणि चंडोल या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची उघड्या माळावरची विणही त्याच दिवसांत असते. माळटिटवीचे घरटे म्हणजे खडीतला ओंजळभर खळगा, अंडी आजूबाजूच्या दगडांच्या रंगाची. गाडीच्या चालकाला ती दिसणे शक्यच नाही.

चाकाखाली जातात ती अंडी वेगळीच; उन्हाने जातात ती कुणी मोजत नाही. चाळीस अंशांच्या दुपारी टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांवर सावली धरते. कॉम्प्रेसरची धडधड आणि माणसांचा वावर असेपर्यंत ती जवळ येत नाही आणि अंडी जागेवर शिजतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार बोअर घेण्याआधी किमान १५ दिवस सरपंच किंवा प्रशासनाला लेखी कळवावे लागते. अट आली उघड्या बोअरमध्ये मुले पडू नयेत म्हणून. पण त्या १५ दिवसांत जागाही पाहून होते. सकाळी शंभरेक मीटरवर थांबून दुर्बीण लावावी. टिटवी ओरडून स्वतःच पत्ता देते. धाविक मात्र गुपचूप उठून पळतो. तो परत कुठे बसतो हे पाहायला अर्धा तास द्यावा. घरट्याशी झेंडी रोवू नये, कावळ्यांना आयतीच खूण मिळते. दहा पावलांवर दोन दगड पुरेत. अंडी दिसली तर महिनाभर थांबावे. टिटवीची अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले लगेच चालू लागतात.

साडेसहा इंची, दोनशे फुटी बोअरमधून सव्वा घनमीटरहून जास्त खडक भुगा होऊन वर येतो. मोकळा झाल्यावर तो आणखी फुगतो. गवतावर पसरला की पावसात खपली धरतो. तो ताडपत्रीवर धरावा. बोअर कोरडा गेला तर त्यानेच तळापासून बुजवावा. न्यायालयाने सांगितलेल्या भरावात हा भुगाही आहे.

खरे तर डिसेंबर-जानेवारीत बोअर घेणे उत्तम. उन्हाळ्यात लागते तेच पाणी खरे, हे शेतकऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यासाठी शेजारच्या विहिरींची मेमधली पातळी आदल्या वर्षीच टिपून ठेवावी.

एजंटाशी फुटाचा दर ठरवतानाच जुन्या चाकोरीनेच ये-जा, ताडपत्री आणि रात्री काम बंद, एवढे लिहून घ्यावे. गाडी माळावर उभी राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

– माळरानावरील पक्ष्यांचे निरीक्षक, सोलापूर